पत्त्यातच दडलेली ओळख



पत्त्यावरून घर सापडावे. घरातील माणूस दिवसभर कोठे जातो, हे मात्र त्यावरून कळू नये. इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीच्या आखणीत या साध्या मर्यादेचाच प्रारंभी विसर पडला.

जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा. त्यातून जेमतेम ४३० कोटी पत्ते निघतात. ते अपुरे पडणार हे ओळखून १२८ बिटांची ‘आयपीव्ही-६’ पद्धती सिद्ध झाली. तिच्यात पत्त्याचा पूर्वार्ध जाळ्याचा, तर ६४ बिटांचा उत्तरार्ध यंत्राचा. हा उत्तरार्ध यंत्राने स्वतःच रचावा, अशी सोय होती. त्यासाठी यंत्राच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच नोंदलेला ४८ बिटांचा क्रमांक घेतला जाई आणि मध्ये १६ ठरावीक बिटे घालून तो पूर्ण केला जाई.

सोय मोठी, पण धोकाही तिच्यातच होता. तोच लॅपटॉप सकाळी घरी, दुपारी कार्यालयात आणि सायंकाळी रेल्वे स्थानकावर जोडला, तर पूर्वार्ध बदले, उत्तरार्ध मात्र तोच राही. साहजिकच, कोणत्याही संकेतस्थळाला त्या माणसाचा माग काढता येई. संगणकातील कुकी पुसता येते. पत्त्यातील ही खूण सामान्य माणसाला दिसतही नसे.

समाधानाची गोष्ट ही की, हा दोष तंत्रज्ञांनीच ओळखला. जानेवारी २००१ मध्ये थॉमस नार्टन आणि रिचर्ड ड्रेव्हस यांनी उपाय मांडला: उत्तरार्ध यादृच्छिक असावा आणि ठरावीक काळाने बदलावा. २००७ आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. कायम पत्त्यातही कार्डाचा क्रमांक गुंफू नये, अशी शिफारस २०१७ मध्ये झाली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला.

तरीही निर्धास्त राहणे योग्य नव्हे. उत्तरार्ध बदलला, तरी पूर्वार्धावरून घराचे जाळे ओळखता येते. घरातील जुने कॅमेरे वा अन्य उपकरणे अद्याप जुन्याच रीतीने पत्ता रचत असू शकतात. म्हणून उपकरणांची प्रणाली अद्ययावत ठेवणे आणि तात्पुरत्या पत्त्याची सोय चालू आहे ना, हे पाहणे, हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य ठरते.

सोय हवीच, परंतु तिचे मोल आपल्या ओळखीने चुकवावे लागत नाही ना, हा प्रश्न यंत्र घरात येण्यापूर्वीच विचारला पाहिजे.