दार, कडी आणि पंचनामा

दूरचित्रवाणीवरची गुन्हेगारी मालिका आपण पाहतो ती गोष्टीसाठी. खून कुणी केला, एवढंच कळायला हवं असतं. पण दोन दिवसांनी आठवून पाहा. खुन्याचं नाव आठवत नाही, आठवते ती खोली. चालू राहिलेला पंखा, टेबलावर गार झालेला चहा, पलंगाखाली सरकलेली एक चप्पल. श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या खोल्यांविषयी. मी कविता लिहिणारा माणूस. तपासातलं मला काही कळत नाही. पण घरात काय काय असतं आणि ते तिथं का असतं, हा कवितेचाही धंदा आहे, म्हणून हे धाडस.

पोलिसांच्या मागोमाग परक्याच्या घरात शिरायची सवय मराठी प्रेक्षकाला लागली ती मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’पासून. शंभर हा तेव्हा पोलिसांना बोलवायचा क्रमांक. त्या मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि तीत काम करणारे शिवाजी साटम पुढं ‘सीआयडी’त पुन्हा एकत्र आले. ‘सीआयडी’ जानेवारी १९९८मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झाली, ऑक्टोबर २०१८पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा परतली. या मालिकेनं देशाला चार शब्द दिले : ‘दया, दरवाजा तोड दो’. गल्लीतली पोरं खेळात ते म्हणतात, लग्नात नवरदेवाची वाट अडवली की कुणीतरी म्हणतंच.

मीही हसतो. पण दाराचा विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. दार तुटतं तेव्हा पलीकडं बहुधा प्रेत असतं, नाहीतर खिडकीतून पळालेला आरोपी. म्हणजे दार मोडल्याचा राग यावा असं कुणी आत उरलेलंच नसतं. ताटावर बसलेलं कुटुंब, न्हाणीघरात गेलेली सून, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, असली माणसं त्या दारामागं सापडत नाहीत. मालिकेनं आपली सोय केलेली असते. त्या लाथेचा आवाज आपण नेहमी बाहेरून ऐकतो. कडी मात्र आतून लावलेली असते आणि ती लावणाऱ्याला तोच आवाज वेगळा ऐकू येत असणार.

दार उघडलं की कॅमेरा जे करतो त्याला आपल्याकडं एक जुना शब्द आहे, पंचनामा. पंचनाम्याची मराठी मला फार आवडते. सदर घर पूर्वाभिमुख असून, आत प्रवेश केला असता उजव्या हातास लोखंडी कपाट, त्यालगत लाकडी पलंग, पलंगावर फुलाफुलांची चादर, ती अस्ताव्यस्त. कथाकारानं हेवा करावा अशी ही नजर असते. उपमा नाही, हळहळ नाही. चतुःसीमा सांगायची, वस्तू मोजायच्या, शेवटी पंचांच्या सह्या. फक्त एकच गोष्ट तिच्यात येत नाही. ती चादर कुणी, कुठल्या सणाला, किती घासाघीस करून घेतली हे पंचनामा विचारत नाही. त्यानं विचारूही नये, ते त्याचं काम नव्हे. पण मालिका म्हणजे काही पंचनामा नाही. तिनं विचारलं पाहिजे, आणि बहुतेक मालिका विचारत नाहीत. म्हणून त्यांच्यातले बंगले भाड्यानं घेतल्यासारखे दिसतात. ते घेतलेले असतातही. मढच्या बाजूला चित्रीकरणासाठी मिळणारे बंगले आहेत. नियमित पाहणाऱ्याला जिना ओळखीचा वाटू लागतो. मागच्या महिन्यात इथंच एक उद्योगपती पडला होता, असं वाटून जातं.

उलट उदाहरण द्यायचं तर ‘ब्योमकेश बक्षी’चं. बासू चटर्जींनी १९९३मध्ये दूरदर्शनसाठी शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कथांवर केलेली ही मालिका. ब्योमकेश झाला होता रजित कपूर, अजित झाला होता के. के. रैना आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. पहिलीच गोष्ट कलकत्त्यातल्या मेसची, म्हणजे नोकरदार एकट्या पुरुषांनी खोल्या घेऊन राहायच्या जागेची. खाली डॉक्टरांचा दवाखाना, वर भाडेकरू. ब्योमकेश तिथं नाव बदलून, नोकरीच्या शोधात आलेला गरीब माणूस म्हणून येतो आणि अजितच्या खोलीत अर्धी जागा घेऊन राहतो. तो दार मोडत नाही, घरात राहायला जातो. त्यामुळं खिडकी कुठल्या बाजूला उघडते, रात्री कुणाच्या पावलांचा आवाज होतो, हे त्याला राहणाऱ्यासारखं कळतं, आणि आपल्यालाही. पुढच्या गोष्टींत त्याचं स्वतःचं घर येतं : चहा, वर्तमानपत्र, नोकर पुंटीराम, नंतर बायको. दुसऱ्यांची घरं तपासणाऱ्या माणसाला स्वतःचं घर आहे हे सतत दिसत राहतं. ‘सीआयडी’तल्या अधिकाऱ्यांचं घर असं क्वचितच दिसलं. ते कचेरीत असतात, प्रयोगशाळेत असतात आणि दुसऱ्यांच्या घरात असतात. मला हा फरक मोठा वाटतो. ज्याला उंबरा आहे त्याला उंबऱ्याची किंमत कळते.

आता थोडं अवघड बोलतो. मालिकांत एक ठरावीक खोली असते. आमच्या मोहल्ल्यातली म्हणून दाखवलेली. जाळीदार कमान, हिरवट उजेड, भिंतीवर मक्केची तसबीर. कॅमेरा त्या तसबिरीवरून सावकाश खाली येतो आणि टेबलावरच्या पिस्तुलावर थांबतो. अजून कुणी तोंड उघडलेलं नसतं, पण खोलीनं कबुलीजबाब दिलेला असतो. भिंतच आरोपी ठरते. मक्केची तसबीर माझ्या घरातही आहे. तिच्या खाली बायकोचं शिवणयंत्र, बाजूला ‘कालनिर्णय’. ईद आणि मोहरमसुद्धा त्यातच छापलेले असतात, त्यामुळं दुसरं कॅलेंडर लागत नाही. भिंतीचा रंग पिवळा आहे, तोही दुकानदाराकडं उरलेला स्वस्तात मिळाला म्हणून. अशा शेकडो घरांत मी जेवलो आहे. हिरवा उजेड मला कुठं दिसला नाही. जिथं तिथं ट्यूबलाइट असते, आणि तिची एक बाजू काळी पडलेली असते.

नेपथ्य करणाऱ्याचा यात हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला तीन सेकंदांत जागा सांगायची असते. पण ते तीन सेकंद वर्षानुवर्षं पाहिले की प्रेक्षकाच्या नजरेला वळण लागतं. मग खरोखरीचं घर पाहतानाही तो आधी भिंत पाहतो आणि माणूस नंतर.

म्हणून दारं कायम बंदच राहावीत असं मात्र नाही. ‘क्राइम पेट्रोल’ २००३मध्ये सुरू झालं, त्यानं प्रत्यक्षातल्या गुन्ह्यांवर गोष्टी रचल्या. कलेच्या नावानं तिथं फारसं काही नव्हतं. आवाज फार, संगीत त्याहून फार. पण त्याच्या खोल्या खऱ्या होत्या. एका खोलीत चौघं, गॅसची टाकी, दोरीवरचे कपडे, मधे टाकलेला पडदा. आणि मारणारा बाहेरून आलेला नाही, तो याच पडद्याच्या अलीकडं जेवत होता, हे त्या मालिकेनं घरोघर सांगितलं. ते खोटं नव्हतं. बलात्काराच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, हे सरकारी अहवाल दरवर्षी नोंदवतात. शेजारच्या घरातून बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो आणि आपण ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून रेडिओ मोठा करतो. तिथं कडी गुन्हेगाराच्या बाजूनं असते. अशा दारावर दया आला तर मी टाळ्याच वाजवीन.

मग दार कधी मोडावं आणि कसं? एका वकील मित्रानं मला कायदा वाचून दाखवला तेव्हा मी चकित झालो. अटकेसाठी आलेल्या पोलिसानं आधी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं, आत येऊ द्या म्हणायचं, आणि तरीही वाट मिळाली नाही तरच दार मोडायचं. आत रूढीप्रमाणं लोकांसमोर न येणारी बाई असेल, आणि अटक तिचीच नसेल, तर तिला बाजूला होण्याची सूचना द्यायची आणि त्यासाठी सवड द्यायची. इंग्रजांच्या काळातली ही तरतूद १९७३च्या संहितेत राहिली आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. झडतीला वस्तीतले किमान दोन प्रतिष्ठित पंच हवेत, घरमालकाला हजर राहू द्यायला हवं, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत त्याला द्यायला हवी. माझ्या अम्मानं हे कधी ऐकलं नव्हतं. वस्तीत रात्री जीप आली की ती आधी ओढणी शोधायची, मग दिवा लावायची. कायद्याला तिची ओढणी ठाऊक होती, हे तिला कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालिकेत हा सवडीचा अर्धा मिनिट कधी दिसत नाही. तो दाखवला तर गोष्ट थांबते, असं लेखक म्हणतील. मला तर वाटतं, खरी गोष्ट तिथंच आहे. बाहेर बूट थांबलेले, आत कुणीतरी पदर सावरतंय, पोराला उठवतंय. दोन्हीकडची माणसं श्वास रोखून. एवढ्या वर्षांत एकाही दिग्दर्शकाला हा प्रसंग खुणावला नाही?

नव्या संहितेनं आणखी एक गोष्ट आणली आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता बंधनकारक आहे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं आहे. म्हणजे खऱ्याखुऱ्या घरांत आता खराखुरा कॅमेरा शिरतो आहे. त्याला पार्श्वसंगीत नाही, हिरवा उजेड नाही, नेपथ्यकार नाही. हात हलत असेल, डब्यांची झाकणं निघत असतील, कोपऱ्यात दप्तर असेल, घरातली म्हातारी मधेच काही विचारत असेल. ही चित्रणं आपल्याला रविवारी रात्री पाहायला मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. पण मोबाइल धरणारा हवालदारही आपल्यासारखाच वीस वर्षं मालिका पाहत आलेला असणार. माझ्या घरी आला तर तो आधी तसबीर टिपेल की शिवणयंत्र?