काटकसर कशासाठी?



शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे आपल्याला दीडशे वर्षे ऐकवले जात आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला. इंग्रज सरकारच्या चौकशी आयोगानेच तेव्हा लिहिले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला नको तेवढे महत्त्व दिले जाते. तेव्हा काटकसरीने कर्ज फिटेल, असे आम्ही सांगणार नाही. कर्ज होते ते भाव न मिळाल्यामुळे.

मग काटकसर कशासाठी? सोयाबीन निघते, दिवाळी तोंडावर असते, दुकानाची उधारी दारात उभी राहते. माल थांबवता येत नाही, पडेल त्या भावाने घालावा लागतो.

आम्ही आमच्याच घरांचा हिशेब मांडला. टपरीवरचा चहा आणि तंबाखूची पुडी, रोजचे २० रुपये. महिन्याला ६००, वर्षाला ७,२००. एवढीच रक्कम सावकाराकडून महिना शेकडा ३ रुपयांनी काढली, तर वर्षाचे व्याजच २,५९२ रुपये!

हा खर्च बहुतेक आम्हा पुरुषांचा, आणि काटकसर मात्र बाईच्या तेलामिठात. हे उलटे करू. मुलांच्या दुधातून, म्हाताऱ्यांच्या औषधातून वाचवलेला पैसा ही बचत नव्हे, ती उपासमार. टपरीवरचे पैसे दरमहा घरच्या लक्ष्मीच्या नावावर पोस्टात टाकू.

भावाची लढाई चालूच राहील. पण लढणाऱ्याच्या घरात दोन महिन्यांचे दाणे हवेत.