आकड्यातला आपला वाटा

लोणेऱ्याच्या विद्यापीठातून पदवी घेऊन महाड-पोलादपूरकडे परतणाऱ्या अभियंत्यांपुढे मी एक काम ठेवतो: हिऱ्याचा चुंबकीय संवेदक बनवा आणि फुग्याला बांधून तीस किलोमीटर उंच पाठवा. मुंबईच्या आयआयटीत अशा संवेदकांवर संशोधन चालते, टीआयएफआरचे मोठे फुगे हैदराबादहून उडतात. फुग्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येईल, पण या कामातले खरे शिक्षण हाती आलेल्या आकड्यात निसर्गाचा वाटा किती आणि आपल्या यंत्राचा किती, हे वेगळे काढण्यात आहे. आपल्या रायगड जिल्ह्याला हा धडा जुना आहे. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी होत होत्या; शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, ते काम अलिबागला आले. तिथल्या इमारतींसाठी चुंबकीय नसलेला दगड वापरावा लागला, कारण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबक आहे. पोलादपूर आणि आंबेनळी ही नावे भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या लाव्हाथरांना दिली आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे थर थिजले तेव्हा पृथ्वीचे चुंबकत्व आजच्या उलट होते आणि दगडाने ती दिशा जपली आहे.

हिऱ्यात कार्बनच्या एका अणूऐवजी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की हिरव्या प्रकाशात तो दोष लाल चमकतो. २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्हने ही चमक मंदावते. नेमक्या कोणत्या कंप्रतेला ती मंदावते, यावरून चुंबकीय क्षेत्र कळते. एका नॅनोटेस्लाने ही कंप्रता २८ हर्ट्झ सरकते. एका अंश तापमानाने मात्र सुमारे ७४ हजार हर्ट्झ. म्हणजे एका अंशाची चूक २६०० नॅनोटेस्लांचे सोंग घेते, आणि तीस किलोमीटर चढल्यावर पृथ्वीचे क्षेत्र घटते ते जेमतेम सहाशेने! वर तर हवा उणे पन्नास अंशांखाली जाते. उपाय हिऱ्यातच आहे: चुंबकीय क्षेत्रात चमक मंदावणाऱ्या कंप्रता दोन होतात; तापमान या दोन्ही कंप्रता एकाच बाजूला ढकलते, चुंबकत्व त्यांना विरुद्ध दिशांना ओढते, वजाबाकी केली की तापमान गळून पडते.

कोणी म्हणेल, बाजारात फ्लक्सगेट चुंबकमापक मिळतो, तो स्वस्त आहे आणि वीजही कमी खातो. खरे आहे. आजचा विद्यार्थ्यांचा हिरा संवेदनशीलतेतही त्याच्यापुढे फिका पडेल. पण एकाच स्फटिकातल्या चार ठरलेल्या दिशांमुळे क्षेत्राची दिशाही कळते, आणि मापाचा आधार अणूच्या गुणधर्मात असतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, त्या तालुक्यात हिऱ्यांचे खेळ कशाला? हा संवेदक दरडीची सूचना देणार नाही. कोणी तसा दावा केला तर मानू नका. परंतु उतारावर बसवलेला कलमापकही उन्हाने तापतो आणि डोंगर हलल्याचे सांगतो. दोनदा खोटा इशारा मिळालेले गाव तिसऱ्यांदा रात्री पावसात घर सोडणार नाही. तापमान आणि हालचाल वेगळी काढण्याची सवय ज्याला फुग्याच्या कामात लागली, त्याच्या हाती मी ते यंत्र निर्धास्त देईन.

म्हणून काम सुरू कराल तेव्हा आधी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेशी बोला. आपला हिरा अलिबागच्या नोंदींशी दिवसरात्र ताडून पाहा. फरक का पडतो हे सांगता येईपर्यंत फुगा सोडू नका.