हिवाळ्यातील तयारी आणि स्वतःची वाट

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





बौद्ध संस्थेच्या कार्यक्रमात स्वीडन-नॉर्वेच्या एका खेळावर व्याख्यान कशासाठी, असे काहींना वाटले असेल. परंतु परीक्षेला बसणारी मुलेमुली समोर असताना, तयारी म्हणजे काय हे सांगण्यास आम्हांस याहून चांगले उदाहरण आठवले नाही.

या खेळाचे नाव ओरिएंटिअरिंग. खेळाडूच्या हाती एक नकाशा आणि एक होकायंत्र देतात. जंगलात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरे निशाण लावलेले असते. नकाशावर ती ठिकाणे क्रमाने दाखविलेली असतात. ती सर्व त्याच क्रमाने शोधून जो सर्वांत कमी वेळात परत येईल तो विजयी. दोन निशाणांमध्ये रस्ता आखून दिलेला नसतो. टेकडी चढून जायचे की वळसा घालायचा, हे ज्याचे त्याने धावता धावता ठरवायचे. आपण भूगोलात समोच्च रेषा शिकतो आणि बहुधा परीक्षेनंतर विसरतो; या खेळाचा सारा डोलारा त्याच रेषांवर उभा आहे.

सर्वसामान्यांसाठी पहिली स्पर्धा 1897 साली नॉर्वेत, आजच्या ऑस्लो शहराजवळ झाली. पुढे 1919 मध्ये स्वीडनच्या मेजर एर्न्स्ट किलांदर यांनी तरुणांना पुन्हा मैदानी खेळांकडे वळविण्यासाठी स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरविली. 1961 साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि 1966 मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आता मुख्य मुद्दा. तिकडे मोठ्या स्पर्धांचा हंगाम वसंतात सुरू होऊन उन्हाळाभर चालतो. मग हिवाळ्यात खेळाडू काय करतो? डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो; दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. थंडी कडाक्याची, जमिनीवर बर्फ. टाळ्या वाजवायला कोणी नसते. पण पुढचा हंगाम याच महिन्यांत घडतो.

खेळाडू लांब पल्ल्याचे संथ धावतो. चढावर पुन्हा पुन्हा जोर लावतो. घोटे, मांड्या आणि कंबर यांचे व्यायाम करतो, कारण जंगलात जमीन कोठेच सपाट नसते. पायांना विश्रांती मिळावी आणि दमही वाढावा म्हणून बर्फावर स्की चालवितो. आणि डोक्याला दिवा बांधून रात्रीच्या जंगलात धावतो. स्वीडनमध्ये 1945 पासून भरणारी ‘तिओमिला’ ही दहा जणांच्या संघाची साखळी शर्यत रात्रभर चालते. तिची तयारी दिवसाउजेडी कशी होणार? दिव्याच्या झोतात काही पावलांचेच जंगल दिसते. बाकीचे नकाशावरून मनात उभे करावे लागते.

बर्फाची एक मोठी अडचण आहे. पाऊलवाट, दलदल, लहान दगड सारे झाकले जाते. त्याहून वाईट म्हणजे आधी गेलेल्यांच्या पावलांचे ठसे त्यात उमटतात. ठशांमागून गेले की निशाण आयते सापडते. त्या दिवशी वेळ वाचतो, पण शिकणे काहीच होत नाही. शिवाय तो पुढचा मनुष्य स्वतःच चुकलेला असू शकतो! उन्हाळ्यात ठसे नसतात, आणि मग असा खेळाडू जंगलात उभाच राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, गाईडमधील तयार उत्तरे हे बर्फातले ठसे आहेत. केवळ परंपरेने आले, सांगोवांगी आले म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला तो यासाठीच. तुमच्यापैकी कित्येकजण घरात शिकणारी पहिली पिढी आहात. आमच्यापुढे ठसेच नाहीत, अशी खंत तुम्ही बोलून दाखविता. ती खंत खरी आहे. तिची किंमत तुम्ही रोज मोजता. पण ज्याला नकाशा वाचता येतो तो ठशांवाचून पोहोचतो, आणि नकाशा वाचणे शिकता येते.

ते कसे शिकायचे? हे खेळाडू सरावानंतर लगेच आपण प्रत्यक्षात कोठून गेलो ते नकाशावर रेखाटतात. कोठे चुकलो, का चुकलो, किती मिनिटे गेली, हे लिहितात. आता मनगटावरचे घड्याळ मार्ग नोंदवून ठेवते, त्यामुळे लपवालपवीला जागा उरत नाही. मात्र शर्यतीत वाट शोधण्यासाठी नकाशा आणि होकायंत्र हीच साधने चालतात. चुकल्याचे कळताच आणखी जोरात पळायचे नाही, थांबायचे आणि ओळखीची खूण शोधायची, हीसुद्धा सवयच आहे. ती हिवाळ्यात लावून घ्यावी लागते. नापास झालेल्या विषयाची उत्तरपत्रिका अशा डोळ्यांनी पाहणारे आपल्यात किती?

शेवटी एक घटना सांगून थांबतो. 2009 साली हंगेरीत मिश्कोल्त्स येथे जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांच्या साखळी शर्यतीचा अखेरचा टप्पा चालू असताना स्वीडनच्या मार्टिन योहान्सन यांच्या मांडीत लाकडाचा तुकडा खोल घुसला. फ्रान्सचे थिएरी गेओर्जिऊ, नॉर्वेचे अँडर्स नोर्डबर्ग आणि चेक प्रजासत्ताकाचे मिखाल स्मोला हे तिघे पदकाच्या शर्यतीत होते. तिघेही थांबले आणि जखमीला मदत केली. पदके इतरांना गेली. कित्येक हिवाळ्यांची मेहनत त्यांनी त्या क्षणी बाजूला ठेवली.

1 पुढे 2011 साली फ्रान्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत गेओर्जिऊ यांच्या संघाने तीच साखळी शर्यत जिंकली. हे त्या पुण्याचे फळ, असे आम्ही म्हणणार नाही. ते मधल्या दोन हिवाळ्यांचे फळ होते. करुणा फळासाठी करायची नसते, आणि यश तयारीवाचून मिळत नसते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी असू शकतात, एवढेच आम्हांस सांगायचे होते.

आमच्या अभ्यासिकेत रात्री दिवा लावून बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस आमच्या मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!