ग्रंथ छापला, पुढे काय?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाने आज मला या व्यासपीठावर उभे केले ते लेखक म्हणून. परंतु मी बोलणार आहे ते पुस्तक लिहिण्याविषयी नव्हे, तर ते लिहून झाल्यावर त्याचे काय होते याविषयी. लिहिताना मला आनंदच झाला. खरी परीक्षा पुस्तकांचे गठ्ठे छापखान्यातून घरी आल्यावर सुरू झाली.

अंबरनाथच्या कारखान्यांत हयात घालवलेल्या कामगारांच्या आठवणी मी जमवल्या. प्रकाशक मिळेना, म्हणून निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीतील साठ हजार रुपये काढून ५०० प्रती स्वतःच छापल्या. प्रतीस खर्च १२० रुपये, किंमत ठेवली २००. विक्रेत्याने शेकडा ४० कमिशन सांगितले, तेव्हा प्रथम हिशेब उमगला : हाती उरणार ते छपाईचे १२० रुपयेच. त्या विक्रेत्याकडे ठेवलेल्या प्रतींचे पैसेही आले नाहीत आणि प्रतीही परत आल्या नाहीत. मग निराश होऊन मी ज्ञातिबांधवांत जवळजवळ २०० प्रती सप्रेम भेट म्हणून वाटल्या. वर्षभराने सहज चौकशी केली. सर्वांनी कौतुक केले. वाचले मात्र कोणीच नव्हते.

आणि एके दिवशी बदलापूरहून एका अपरिचित बाईंचा फोन आला. त्यांनी पुस्तक विकत घेतले होते. म्हणाल्या, "अहो काका, तुमच्या पुस्तकात पहिल्या पाळीचा भोंगा चुकीच्या वेळी वाजतो. माझे वडील त्याच पाळीला जात." चूक माझीच होती. दोनशे फुकट प्रतींनी जे दिले नाही, ते एका विकलेल्या प्रतीने दिले : वाचक. आणि त्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे ही आपल्या भाषेत नवी गोष्ट नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. टीका एवढी झाली की त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी. ग्रंथ उत्तम असला की तो आपोआप पोहोचतो, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

याउलट डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे पाहा. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड काढायचे, तर श्रीमंत आश्रयदाता शोधत न बसता त्यांनी १९१६ साली नागपुरास मर्यादित कंपनी स्थापली, भाग विकले आणि ग्रंथ तयार होण्याआधी वर्गणीदार मिळवले. या खटाटोपाचा वृत्तान्त त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. एवढ्या मोठ्या विद्वानाला वर्गणीदार शोधण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

तिसरे उदाहरण ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून देताना संकोच वाटेल, पण दिलेच पाहिजे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणातील विचार न पेलवल्याने अधिवेशनच रद्द केले. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी महात्मा गांधींनी केलेली टीका आणि तिला आपले उत्तर, दोन्ही छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्याच ग्रंथात छापून वाचकाला न्यायनिवाडा करू देणे, याहून मोठी जाहिरात ती कोणती?

आता व्यवहाराचे चार शब्द. पहिल्याच खेपेस ५०० प्रती छापू नका. मागणीनुसार थोड्या प्रती छापण्याची सोय आज आहे. शंभरांनी आरंभ करा आणि केतकरांप्रमाणे आधी नावे नोंदवून घ्या. किंमत ठरवताना विक्रेत्याचे कमिशन आधी धरा आणि दुकानात ठेवलेल्या प्रतींची पोच लेखी घ्या. ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कोणास पैसे देऊ नका. आपण स्वतः प्रकाशक झालो की १९५४ च्या कायद्याने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व आणखी तीन ठरलेली ग्रंथालये यांस तीस दिवसांत प्रत पाठवण्याचे कर्तव्य आपल्यावर येते. ते ओझे मानू नका. पुस्तक नाहीसे होऊ नये याची ती तजवीज आहे. बदलापूरच्या 'ग्रंथसखा' वाचनालयासारख्या जुनी पुस्तके जतन करणाऱ्या संस्थेसही एक प्रत अवश्य द्या. टपालखात्याने मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. तीत पात्र पुस्तके ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंत १०० रुपयांत जातात, कर वेगळा. परगावच्या वाचकासाठी हे मोठे साहाय्य आहे.

शेवटी मंडळाकडे तीन मागणी. ज्ञातीतील लेखकाचे पुस्तक फुकट मागू नये. गुणवंतांच्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर एखादे पुस्तक विकत घेऊन द्यावे. आणि वर्षातून एक संध्याकाळ एखाद्या नव्या पुस्तकावर चर्चा ठेवून तीस उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील सर्व वाचकांना, सिंधी शेजाऱ्यांनाही, बोलवावे. कारखान्यातील पाळी ज्ञाती पाहून लागत नसे. त्या पाळीवरचे पुस्तक तरी ज्ञातीच्या उंबऱ्यात का अडावे? ज्ञातीने लेखकाचा पहिला वाचक व्हावे, शेवटचा नव्हे.

भोंग्याची चूक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केली आहे. ती १०० प्रतींचीच आहे, आणि ६३ जणांनी आगाऊ नावे नोंदवली आहेत. उरलेल्या प्रती बाहेर टेबलावर आहेत. भेट म्हणून नव्हेत.