गर्भाशयांतील ‘मारेकरी’ पेशी

मूल आईच्या पोटीं वाढतें, पण त्याचा निम्मा वारसा बापाकडून आलेला असतो. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनें तें अर्धें परकेंच. दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा अंगावर लाविला तर शरीर तो कांहीं दिवसांत झिडकारून टाकतें. मग तेंच शरीर ह्या परक्याला नऊ महिने कसें वागवितें, हा प्रश्न पीटर मेडावर ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९५३ सालीं स्पष्टपणें मांडला.

माता आपली प्रतिकारशक्ति तेवढ्यापुरती निजवीत असावी, असा एक तर्क होता. गर्भाशयाचें अस्तर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां मात्र उलटेंच दिसतें. पहिल्या तीन महिन्यांत तेथें पांढऱ्या पेशींची दाटी असते, आणि त्यांपैकीं सुमारें शेंकडा ७० एकाच जातीच्या असतात. रक्तांतील त्यांच्या बहिणी विषाणूंनीं ग्रासलेल्या व कर्करोगाच्या पेशी मारतात. म्हणून १९७५ च्या सुमारास त्यांना ‘नॅचरल किलर’, म्हणजे नैसर्गिक मारेकरी, हें नांव पडलें. तेंच गर्भाशयांतील पेशींनाही चिकटलें, हें दुर्दैव. घरांत कोणी गर्भार असतां तपासणीच्या कागदावर असा शब्द वाचून कोणाचा जीव घाबरा होणार नाहीं ?

वास्तविक त्यांचें काम पाटकऱ्याचें आहे. अस्तरांतील धमन्या मळसूत्रासारख्या पिळदार व अरुंद असतात. ह्या पेशी त्यांच्या भिंती सैल करूं लागतात. मग वारेच्या पेशी आंत शिरून तें काम पुरें करतात. त्यांना किती खोल जाऊं द्यावयाचें, हेंही कांहीं अंशीं ह्याच पेशी ठरवितात. धमन्या रुंदावल्या म्हणजे रक्त पाटाच्या पाण्यासारखें संथ व भरपूर येतें. अरुंदच राहिल्या तर तें पिचकारीसारखें आदळून वारेला इजा करतें, मुलाची वाढ खुंटते, आणि पांचव्या महिन्यानंतर आईचा रक्तदाब चढून दोघांच्याही जिवावर बेतूं शकतें. माता व गर्भ यांच्या विशिष्ट आनुवंशिक जोडींत हा धोका वाढतो, असें केंब्रिजच्या ॲश्ली मॉफेट व त्यांच्या सहकाऱ्यांना २००४ सालीं आढळलें.

पुण्याच्या रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक प्रभृतींनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींची पाहणी केली. पालेभाज्या व फळें अधिक वेळां खाणाऱ्या मातांचीं बाळें जन्मतः अधिक भरलेलीं दिसलीं. त्या पाहणीचा विषय आहार होता. पण पानांतली मेथी बाळापर्यंत पोंचते ती ह्याच धमन्यांच्या वाटेनें.

वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना रक्तांतील ह्या पेशी मोजण्याचा व त्या दडपणारीं महागडीं औषधें घेण्याचा सल्ला कोठें कोठें मिळतो. परंतु रक्तांतल्या पेशी निराळ्या, गर्भाशयांतल्या निराळ्या. एकींच्या मोजणीवरून दुसऱ्यांचें वर्तन कळत नाहीं. अशा उपचारांनीं गर्भ टिकतो ह्याला पुरेसा पुरावाही नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं डॉक्टरांस तेवढें विचारण्यास संकोच कशाला ? रक्तदाबाची गोष्ट वेगळी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तींत रक्तदाब मोजतात आणि लघवीही तपासतात.