रेघ मारण्यापूर्वीचा संवाद
(नगरपरिषद व ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



स्थानिक संस्थांचा दीर्घ मुदतीचा विकास आराखडा आणि रहिवाशांचा सहभाग, असा विषय आजच्या भाषणासाठी ठरविण्यात आला आहे. विषयाचे नाव काहीसे जड असले तरी त्याचा संबंध अगदी साध्या गोष्टींशी आहे. आपल्या आळीतून रुंद रस्ता जाणार की नाही, शाळेला मैदान मिळणार की नाही, आठवड्याचा बाजार कोठे भरणार, कचरा कोणत्या बाजूला टाकला जाणार, या प्रश्नांची उत्तरे वीस वर्षांच्या मुदतीसाठी एका नकाशावर रेखली जातात. ज्यांच्या घरावरून आणि शेतावरून या रेघा जातात, त्यांना त्या केव्हा दिसतात, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य प्रश्न आहे. लोकांना विचारावयाचे असेल तर ते रेघ मारण्यापूर्वी विचारावे, आणि विचारल्यानंतर त्यांच्या म्हणण्याचे काय झाले ते सकारण कळवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कायद्याची चौकट

नगररचनेच्या बाबतीत आपले राज्य नवखे नाही. तत्कालीन मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर आपल्या हद्दीची विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. आज आपण ज्या कायद्यानुसार काम करतो, तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. या अधिनियमात कामाचा क्रम घालून दिलेला आहे. प्रथम योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करावयाचा. मग कलम २५ प्रमाणे जमिनीच्या विद्यमान वापराची पाहणी करून नकाशा तयार करावयाचा. त्यानंतर प्रारूप योजना आखून कलम २६ प्रमाणे ती प्रसिद्ध करावयाची आणि हरकती व सूचना मागवावयाच्या. कलम २८ अन्वये नियोजन समिती या हरकतींवर सुनावणी घेते. पुढे योजना शासनाकडे मंजुरीसाठी जाते. वीस वर्षांतून निदान एकदा तिची सुधारणा करावयाची, असे कलम ३८ सांगते.

या क्रमात लोकांना विचारण्याची सोय आहे, हे कोणीही मान्य करील. मात्र ती कोठे आहे, याकडे लक्ष द्यावयास हवे. प्रारूप छापून झाल्यानंतर रहिवाशाला बोलावणे येते. तोपर्यंत पाहणी झालेली असते, लोकसंख्येचे अंदाज बांधलेले असतात, आरक्षणे ठरलेली असतात. त्याच्या हाती फक्त हरकत घेणे उरते. कायद्यात ‘हरकती’ आणि ‘सूचना’ हे दोन्ही शब्द असले तरी व्यवहारात पहिलाच शब्द वरचढ ठरतो, याचे कारण हेच होय. तयार नकाशासमोर उभा राहिलेला मनुष्य आपले घर वाचविण्याचा विचार प्रथम करणार. गावाला बाग कोठे हवी, हे सुचविण्याची त्याची मनःस्थिती तेव्हा कशी असावी?

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कायदा किमान काय करावे ते सांगतो. त्याहून अधिक, त्याहून आधी विचारण्यास तो मनाई करीत नाही. विद्यमान वापराची पाहणी चालू असताना नगरपरिषदेने प्रत्येक प्रभागात सभा घेतली, तर कोणत्याही कलमाचा भंग होत नाही.

एका रेघेची किंमत

आरक्षण म्हणजे काय, हे कार्यालयात बसून नीटसे जाणवत नाही. शहराच्या वेशीवर एखाद्या कुटुंबाची दहा-पंधरा गुंठे जमीन असते. तीवर भाजीपाला होतो, मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी तीच शेवटचा आधार असते. प्रारूप नकाशात त्या गट नंबरावर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण पडते. मैदान ही सार्वजनिक गरज आहे, यात शंका नाही. परंतु त्या दिवसापासून ती जमीन विकणे अवघड होते, तीवर घर बांधण्यास परवानगी मिळत नाही, आणि जमीन संपादन होऊन मोबदलाही लगेच हाती येत नाही. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तरच कलम १२७ प्रमाणे मालकाला सूचना देऊन आरक्षण रद्द होण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि त्या सूचनेनंतरही ठरावीक मुदत जावी लागते. दहा वर्षे म्हणजे पहिलीत गेलेले मूल शालान्त परीक्षेला बसेपर्यंतचा काळ होय.

या कुटुंबाला आरक्षणाची बातमी कशी कळते? राजपत्रातील अधिसूचना, वर्तमानपत्रातील बारीक अक्षरांतील जाहीर सूचना आणि कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला मोठा नकाशा, ही अधिकृत साधने आहेत. नकाशावर रंग असतात, सांकेतिक खुणा असतात, प्रमाण असते. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला विकास योजनेचा नकाशा वाचता येईलच असे नाही. पुष्कळांना बातमी कळते ती शेजाऱ्याकडून किंवा जमिनीच्या दलालाकडून, आणि तेव्हा सूचनेतील मुदत सरत आलेली असते. शासनाच्या निर्णयाची बातमी दलालाकडून कळावी, ही माहिती खात्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला विशेष बोचणारी गोष्ट आहे.

हरकतींचा ढीग काय सांगतो?

आधी न विचारल्याने वेळ वाचतो, असा एक समज आहे. अलीकडची दोन उदाहरणे पाहिली तर तो टिकत नाही. पुणे शहराच्या जुन्या हद्दीची सुधारित प्रारूप योजना २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, पुढे योजनेचे काम शासनाने स्वतःकडे घेतले, आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. योजनेचा कालावधी २००७ पासून २०२७ पर्यंतचा होता; म्हणजे त्यातील जवळजवळ निम्मा काळ मंजुरीपूर्वीच निघून गेला होता.

बृहन्मुंबईची २०१४ ते २०३४ या काळासाठीची प्रारूप योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांपुढे आली. तीत इतक्या चुका निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये तिची फेरतपासणी करून ती नव्याने करण्याचा आदेश शासनाला द्यावा लागला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले व मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला जी चूक एका दृष्टिक्षेपात दिसते, ती कागदावर अनेक सह्या होऊनही राहून जाऊ शकते. याच मुंबईत विद्यमान वापराचे नकाशे आधी लोकांपुढे ठेवले गेले, तेव्हा नागरिकांच्या गटांनी वॉर्डावॉर्डांतून फिरून त्यांतील त्रुटी दाखवून दिल्या होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. रहिवाशाचे ज्ञान हे पाहणीचे फुकट मिळणारे साधन आहे. ते पाहणीच्या वेळी वापरले तर दुरुस्ती होते; प्रारूपानंतर वापरले तर तंटा होतो.

इंदूरची मिरवणूक

लोकांना सामील करून घेण्याची कल्पना नवी आहे असेही नाही. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान १९१४ साली भारतात आले. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. कोणत्याही शहराची योजना करावयाची तर प्रथम त्याच्या गल्लीबोळांतून पायी हिंडावे, असा त्यांचा परिपाठ होता. सरळ रस्ता काढण्यासाठी अख्खी वस्ती पाडण्यास त्यांचा विरोध असे. एखादे पडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी, विहीर दुरुस्त करावी, झाड राखावे, अशी त्यांची रीत.

होळकरांच्या इंदूर संस्थानासाठी ते काम करीत होते, तेव्हा शहरात प्लेगचे भय होते. हातात नकाशा घेऊन हिंडणाऱ्या या परक्या माणसाकडे लोक संशयाने पाहात. हा आपली घरे पाडावयास आला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. गेडिस यांनी दरबाराच्या संमतीने दिवाळीची मोठी मिरवणूक काढण्याचे ठरविले आणि जाहीर केले की, मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे व गल्ल्या सर्वांत अधिक स्वच्छ करतील, त्या भागातून ती जाईल. परिणामी शहरभर सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत उंदीर व डास यांच्या मोठाल्या प्रतिकृती होत्या, शुभ्र कपड्यांतील सफाई कामगार सन्मानाने चालत होते, आणि मागून नियोजित शहराचे देखावे येत होते. त्यांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग आवर्जून नोंदविला आहे. गेडिस यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्या अहवालाआधी योजना लोकांच्या डोळ्यांपुढून रस्त्याने चालत गेली होती, हे त्यातील मर्म आहे.

ग्रामसभा आणि गणपूर्ती

खेड्यांच्या बाबतीत कायद्याने अधिक मोकळा मार्ग दिला आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांच्या योजना करण्याचे क्षेत्र खुले झाले. आपल्या राज्यात २०१५ साली ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू झाला आणि ग्रामपंचायतीने स्वतःचा विकास आराखडा ग्रामसभेतून तयार करावा, अशी पद्धत पडली.

परंतु ग्रामसभेचे रूप काय असते? एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे पुरेशी होतात. म्हणजे शेकडा दोन. तीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. नियमाप्रमाणे सर्व काही ठीक होते. पण गावाचा आराखडा मूठभर लोकांच्या उपस्थितीत मंजूर झाला, तर वाडीवस्तीवरच्या बाईला पाण्यासाठी किती अंतर चालावे लागते, हे त्यात येणार कसे? ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती याचसाठी. ती सभा केवळ इतिवृत्तात न घेता प्रत्यक्ष घेतली पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. त्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात विषयाची माहिती घेतली जाते, प्रश्न विचारले जातात, आणि मगच तो ग्रामसभेपुढे येतो. याला वेळ लागतो. परंतु २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना झाली, त्यामागे या संथ वाटणाऱ्या पद्धतीचे बळ होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

करण्याजोग्या गोष्टी

आता आपल्यापुरते बोलू. पहिली गोष्ट, सभा लोकांच्या सोयीच्या वेळी व जागी घ्यावी. मजुरी करणाऱ्याला दुपारी तीनच्या सभेस बोलावणे म्हणजे न बोलावणेच होय. दुसरी, नकाशाबरोबर एक साधे मराठी टिपण द्यावे. त्यात गट नंबरवार आरक्षणांची यादी, हरकत कशी लिहावी त्याचा नमुना आणि शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत असावी. संगणकावर नकाशा उपलब्ध करून देणे स्वागतार्ह आहे. त्याने चावडीवरचा कागद अनावश्यक होत नाही. तिसरी, ज्यांच्या जमिनीवर आरक्षण प्रस्तावित आहे, त्यांना शक्य तेथे घरपोच कळवावे.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीचा नकाशा काढावा, हातपंप, अंगणवाडी, धोकादायक वळण, पाणी तुंबण्याच्या जागा त्यावर दाखवाव्यात. भूगोलाचा पाठ होईल आणि नकाशा वाचणारे एक माणूस प्रत्येक घरात तयार होईल.

उत्तराची जबाबदारी

लोकांना विचारले म्हणजे त्यांचे सर्व म्हणणे मान्य करावयाचे, असा याचा अर्थ नाही. कचरा डेपो आपल्या शेजारी कोणालाच नको असतो. तो कोठे तरी करावा लागतो. ज्याचा आवाज मोठा त्याचे आरक्षण हलवून ज्याला आवाज नाही त्याच्या जमिनीवर टाकणे, हा तर सहभागाच्या नावाखाली होणारा अन्यायच. म्हणून प्रत्येक सूचनेसमोर तीन रकाने असावेत: सूचना काय, निर्णय काय, कारण काय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे व बाधित व्यक्तींना कारणे देणे, हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. नकार मनुष्य सोसतो. आपला अर्ज कोणी वाचलाच नाही, ही भावना मात्र तो विसरत नाही, आणि पुढच्या सभेला येत नाही.

विकास आराखड्यातील रस्ते, शाळा, उद्याने प्रत्यक्षात येण्यासाठी लागणारा पैसा व जमीन नेहमीच अपुरी पडेल. त्या अपुरेपणात कोणी किती सोसावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने आपल्याकडे दिला आहे. ज्यांनी सोसावयाचे आहे, त्यांच्याशी पेन्सिल हातात असतानाच बोलावे, शाई वाळल्यावर नव्हे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.